पगाराच्या दिवशी गेलेला देश

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार. त्या दिवशी आमच्याकडे पगार व्हायचा होता.

आदल्या संध्याकाळीच मी पाकिटं भरून ठेवली होती. एकेचाळीस माणसं, एकेचाळीस पाकिटं. कुवेत शहराच्या कडेला शुवेख नावाची औद्योगिक वसाहत आहे, तिथे टायर आणि बॅटऱ्यांचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीत मी हिशेबनीस होतो. पाकिटं तिजोरीत टाकली, किल्ली मालकांच्या हातात दिली आणि हवल्लीतल्या खोलीवर आलो. बायको आणि मुलगी सुट्टीला देवरुखला गेल्या होत्या. ऑगस्टात कुवेतचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे असतो, त्यामुळे ज्याला परवडतं तो त्या महिन्यात बाहेर पळतो. निम्मे साहेब लंडन-कैरोला होते. लष्करातलेही पुष्कळ अधिकारी रजेवर होते, हे नंतर समजलं.

पहाटे घरघरीनं जाग आली. वाटलं, एसीचा कॉम्प्रेसर गेला. उठून बटण बंद केलं, तरी आवाज चालूच. खिडकीतून पाहिलं तर हेलिकॉप्टरं, तीही इतकी खाली की गच्चीवरच्या डिश अँटेना हलत होत्या. जिन्यात वरच्या मजल्यावरचे पॅलेस्टिनी मास्तर कानाशी रेडिओ धरून उभे होते. कुवेत रेडिओ अरब भावांना मदतीची हाक देत होता. मास्तर एकच शब्द बोलले, ‘इराक.’

दुपारपर्यंत अमीर शेख जाबेर सौदी अरेबियात पोहोचल्याची बातमी आली. संध्याकाळी आमच्या चौकात इराकी रणगाडा उभा होता आणि त्यावरचा पोरगा कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, सिगारेट मागत होता. वीस-एकवीसचा असेल. ‘तुमच्या क्रांतीला मदत करायला आलोय,’ असं तो दुकानदाराला सांगत होता. दुकानदार केरळचा. त्यानं मान डोलावली आणि सिगारेटचं पाकीट पुढे केलं.

लोक मला अजून विचारतात, ‘एवढा श्रीमंत देश एका दिवसात कसा हो गेला?’ मी इतिहासकार नाही. पण हिशेबनिसाला एक खोड असते. कुठलाही भांडणतंटा दिसला की तो आधी खातेवही उघडून देणंघेणं काय होतं ते पाहतो. तसंच इथे पाहू.

आधी आकार. कुवेतचं क्षेत्रफळ १७,८१८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याहून थोडंसं मोठं. तेव्हा लोकसंख्या एकवीस लाखांच्या घरात, आणि त्यात निम्म्याहून अधिक आमच्यासारखे बाहेरून आलेले. शेजारी इराक. त्याचं सैन्य दहा लाखांच्या आसपास आणि आठ वर्षं इराणशी लढून तयार झालेलं.

याच युद्धातून देण्याचं प्रकरण निघालं. १९८० ते १९८८ या काळात इराण-इराक युद्ध चाललं. सद्दाम हुसेनला त्यासाठी कुवेतनं आणि सौदीनं हात सैल सोडून पैसा दिला. एकट्या कुवेतचं कर्ज १४ अब्ज डॉलरच्या घरात होतं. युद्ध संपलं तेव्हा इराकच्या डोक्यावर एकंदर ८० अब्ज डॉलरचं ओझं असल्याचं म्हटलं जातं. सद्दामचं म्हणणं असं, की मी रक्त सांडून इराणला तुमच्या दारापर्यंत येऊ दिलं नाही, तेव्हा हे कर्ज कसलं, हा तर तुमचा वाटा. कुवेत कर्ज माफ करायला तयार होईना. वर ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त तेल उपसत होतं, त्यामुळे भाव पडत होते. तेलाचा भाव पिंपामागे एक डॉलर उतरला की आमचं वर्षाला एक अब्ज डॉलरचं नुकसान होतं, असा इराकचा हिशेब. शिवाय सीमेखालून पसरलेल्या रुमैला क्षेत्रातून कुवेतनं २.४ अब्ज डॉलरचं तेल चोरलं, असा आरोप. आणि इराकला समुद्राकडे धड तोंड नाही, म्हणून वरबा आणि बुबियान ही कुवेतची दोन बेटं हवीच होती.

जुना दावाही उकरून काढला गेला. तुर्कांच्या राज्यात कुवेत बसऱ्याच्या प्रांतात मोडत होतं, तेव्हा ते आमचंच, असा. कुवेतच्या शेख मुबारकनं १८९९ मध्ये इंग्रजांशी करार केला होता. १९ जून १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला आणि आठवडाही उलटला नाही तोच इराकच्या तेव्हाच्या सत्ताधीशानं, कासिमनं, त्यावर हक्क सांगितला. तेव्हा इंग्रजांनी फौज उतरवून तो थोपवला. १९६३ मध्ये इराकनं कुवेतला रीतसर मान्यता दिली. म्हणजे पावतीवर सही झालेली होती. सही झालेली पावती पुन्हा वादात काढणारा माणूस आमच्या धंद्यात फार जपून हाताळावा लागतो.

इथे जरा आपल्याकडे वळतो, कारण कुवेत हा मुंबईला परका देश कधीच नव्हता. तेल लागण्याआधी कुवेती लोक मोती काढायचे आणि बसऱ्याचा खजूर आपल्या गलबतांतून मुंबईला आणून उतरवायचे. परत जाताना मलबारचं सागवान न्यायचे, त्याचीच पुढली गलबतं व्हायची. १९६१ पर्यंत तिथे रुपया चालत होता. पोस्टाची तिकिटंही बरीच वर्षं आपलीच होती, त्यांवर ‘कुवेत’ असा शिक्का छापलेला असे. मरीन ड्राइव्हवर ‘अल सबाह कोर्ट’ नावाची इमारत आजही उभी आहे, ती तिथल्या राजघराण्याची. आमचे मालक, सगळे त्यांना हाजी म्हणत, लहानपणी वडिलांबरोबर मुंबईत राहिलेले. माझ्याशी ते अरबी बोलत नसत, मोहम्मद अली रोडवरची हिंदी बोलत.

तर जुलै १९९० मध्ये हे देणंघेणं तापलं. १७ तारखेला सद्दामनं उघड धमकी दिली. २५ तारखेला अमेरिकेच्या राजदूत एप्रिल ग्लास्पी त्याला भेटल्या, आणि अरबांच्या आपसातल्या सीमावादात अमेरिका पडत नाही, असा अर्थ त्यानं त्या भेटीतून काढला, असं पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. ३१ जुलैला जेद्दाला दोन्हीकडची शिष्टमंडळं भेटली आणि दुसऱ्या दिवशी हात हलवत परतली. तोवर सीमेवर इराकचं लाखभर सैन्य येऊन बसलं होतं. हे सगळं पेपरात येत होतं, आम्ही वाचत होतो. तरी कुणालाही खरं वाटलं नाही. हाजी म्हणाले, ‘सौदा कर रहा है. थोडा पैसा लेगा, एक बेट लेगा.’ सरकारचाही अंदाज तोच असावा. इतके दिवस धमक्या ऐकल्या की धमकीसुद्धा घासाघीस वाटायला लागते. देश एका रात्रीत जाण्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण भूगोल. सफवानच्या सीमेपासून कुवेत शहरापर्यंत सपाट वाळवंट आणि त्यातून सहा पदरी हमरस्ता. शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये आडवी एकच गोष्ट, मुतलाची टेकडी. नदी नाही, घाट नाही, जंगल नाही. हा रस्ता दोन्ही देशांच्या व्यापारासाठी बांधलेला. आमचे टायरही त्याच रस्त्यानं बसऱ्याला जायचे. रात्री दोनच्या सुमारास रिपब्लिकन गार्डच्या तुकड्या त्याच रस्त्यानं आल्या. त्याच वेळी हेलिकॉप्टरांनी आणि समुद्रातून बोटींनी कमांडो थेट राजधानीत उतरले. सीमा, विमानतळ आणि राजवाडा यांच्यावर एकाच वेळी हात पडला की लहान देशाला मागे सरकायलाही जागा उरत नाही.

कुवेतचं सगळं सैन्य मिळून वीस हजारही नव्हतं. तरी ‘एक गोळीही न झाडता देश दिला’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. जहराजवळ पस्तिसाव्या ब्रिगेडचे रणगाडे इराकी तांड्याला आडवे गेले आणि दारूगोळा संपेपर्यंत लढून मग सौदीकडे हटले. हवाई दलाची विमानं उडाली, तळ गेल्यावर तीही सौदीत उतरली. दसमान राजवाड्याच्या दारात अमिराचे भाऊ शेख फहाद मारले गेले. क्रीडाप्रेमी वाचकांना हे नाव आठवेल. आशियाई ऑलिम्पिक परिषद १९८२ मध्ये दिल्लीत स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी विश्वचषकात फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात पंचाचा निर्णय पटला नाही म्हणून गॅलरीतून उतरून थेट मैदानात गेले होते ते हेच.

त्या पहाटे ब्रिटिश एअरवेजचं १४९ क्रमांकाचं विमान कुवेतला उतरलं. ते पुढे मद्रासला जायचं होतं. ते उडालंच नाही. त्यातल्या कित्येक प्रवाशांना नंतर इराकनं महत्त्वाच्या ठिकाणी ढाल म्हणून ठेवलं.

दोन दिवसांत लढाई संपली आणि माझ्या परिचयाचा भाग सुरू झाला, कागदांचा.

४ ऑगस्टला ‘कुवेतचं हंगामी स्वतंत्र सरकार’ जाहीर झालं. प्रमुख म्हणून अला हुसेन अली नावाचा एक अधिकारी. नामांकित कुवेती घराण्यातलं, विरोधकांतलं एकही माणूस त्यात आलं नाही. ही मोठी गोष्ट होती, कारण १९८६ मध्ये अमिरानं संसद बरखास्त केली होती आणि ती परत बोलवा म्हणून विरोधक रस्त्यावर येत होते. सद्दामला वाटलं असेल, ही नाराज मंडळी आपल्याकडे येतील. ती आली नाहीत. पुढे ऑक्टोबरात जेद्दाला भरलेल्या मेळाव्यात याच विरोधकांनी अमिराच्या घराण्याच्या पाठीशी उभं राहत असल्याचं सांगितलं. घरात भांडण असलं म्हणून कुणी दरोडेखोराला दार उघडून देत नाही.

मग ८ ऑगस्टला ते हंगामी सरकारही गुंडाळलं आणि कुवेत इराकमध्ये विलीन झाल्याचं सांगितलं. २८ ऑगस्टला तो इराकचा एकोणिसावा प्रांत ठरला. प्रांताचा कारभारी अली हसन अल मजीद, ज्याच्या नावावर हलबजाच्या कुर्दांवर विषारी वायू सोडल्याचं पाप आहे तोच. मोटारींच्या नंबरप्लेट बदला, ओळखपत्रं बदला, असे हुकूम निघाले. आणि सर्वांत मोठा हुकूम पैशाचा. एक कुवेती दिनार म्हणजे एक इराकी दिनार. काळ्या बाजारात कुवेती दिनार इराकीच्या कितीतरी पट होता. तेव्हा एका कुवेती दिनाराचे साठेक रुपये यायचे. माणसाची आयुष्याची शिल्लक दोन ओळींच्या फर्मानानं कशी पुसतात, ते मी हिशेबनीस असून त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढे तर कुवेती दिनार चलनातूनच काढला.

त्याआधी, ५ ऑगस्टला, हाजींनी निरोप पाठवला होता. शुवेखला गेलो. दुकानाची काच फुटलेली, टायर गेलेले, पण मागची तिजोरी शाबूत. हाजींनी दिशदाशाच्या, म्हणजे अरबी झग्याच्या, खिशातून किल्ली काढली आणि एकेचाळीस पाकिटं टेबलावर मांडली. मग खालच्या कप्प्यातून आमचे पासपोर्ट काढले. आखातात नोकराचा पासपोर्ट मालकाच्या ताब्यात असायचा, ती रीतच होती, आणि चांगली रीत नव्हती. पुष्कळांचे मालक परदेशी होते, तिजोऱ्या बंद होत्या, त्यांचे फार हाल झाले. आमची पाकिटं वाटून झाल्यावर हाजी म्हणाले, ‘रजिस्टर में सबका साइन लो.’ बाहेर रणगाडे फिरत होते आणि मी ओळीनं सह्या घेत होतो. पगार पूर्ण झाला. तीन दिवस उशिरा म्हणावं, तर मधला शुक्रवार सुट्टीचाच होता.

इराकींना बँका मिळाल्या, मध्यवर्ती बँकेतलं सोनं आणि नोटा ट्रकांत भरून बगदादला गेल्या, संग्रहालयातल्या वस्तूही गेल्या. पण एक गोष्ट हाती लागली नाही. तेलाच्या पैशातून कुवेतनं कित्येक वर्षं परदेशात गुंतवणूक केली होती, ती लंडन-न्यूयॉर्कच्या खात्यांत होती. अमेरिका आणि ब्रिटननं ती इराकच्या हाती पडू नये म्हणून लगेच गोठवली आणि मग सौदीतल्या तैफमध्ये बसलेल्या अमिराच्या सरकारला वापरू दिली. त्या पैशावर परदेशी अडकलेल्या कुवेतींना महिन्याचा भत्ता मिळत राहिला. पेढी लुटली गेली, पण खातं मूळ मालकाच्याच नावावर राहिलं. संयुक्त राष्ट्रांनी पहिल्याच दिवशी ६६० क्रमांकाचा ठराव करून इराकला मागे फिरायला सांगितलं, ६ ऑगस्टला निर्बंध लावले आणि पुढे विलीनीकरण रद्दबातल ठरवलं. पॅलेस, विमानतळ, रेडिओ सगळं सद्दामकडे, पण जगाच्या दप्तरात कुवेतच्या नावासमोर कुवेतच.

शहरातही तेच चाललं होतं, शांतपणे. कुवेती माणसं कामावर जाईनात. रात्रीतून रस्त्यांच्या पाट्या आणि घरांचे नंबर काढून टाकले, म्हणजे यादी घेऊन कुणाला धरायला आलेल्या शिपायाला घर सापडू नये. जमैया म्हणजे मोहल्ल्याची सहकारी दुकानं. तिथे मोठ्या घरची पोरं पाव भाजायला आणि पोती उचलायला लागली. कचरा उचलणारे परदेशी निघून गेले, तेव्हा कचराही त्यांनीच उचलला. आक्रमणाला महिना झाला त्या रात्री गच्च्यागच्च्यांवरून ‘अल्लाहु अकबर’च्या हाका उठल्या, खालून गोळीबार झाला, तरी हाका थांबल्या नाहीत. ज्यांनी उघड प्रतिकार केला त्यांचे हाल इथे लिहिण्यासारखे नाहीत. एवढं खरं असताना खोट्याची गरज नव्हती. तरीही ऑक्टोबरात अमेरिकेत एका मुलीनं साक्ष दिली की इराकी शिपायांनी इस्पितळातल्या काचपेट्यांतून तान्ही मुलं काढून फेकली. ती कुवेतच्या राजदूताची मुलगी होती आणि तिची गोष्ट टिकली नाही, हे पुढे उघड झालं. खोटी नोंद एक सापडली की तपासनीस खऱ्या नोंदींवरही शंका घेतो.

आता आमचं. कुवेतमध्ये तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. आमचं काय करायचं, हा दिल्लीपुढचा प्रश्न होता आणि तिथे विश्वनाथ प्रताप सिंगांचं सरकार मंडल आरक्षणाच्या वादळात सापडलं होतं. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दामनं त्यांना मिठी मारल्याचा फोटो जगभर छापला गेला. आपण इराकचा ठणकावून निषेध केला नाही. कुवेती लोकांनी ते लक्षात ठेवलं. १९९२ मध्ये परत गेल्यावर हाजींच्या मुलानं मला तोंडावर विचारलं, ‘तुमचा मंत्री त्याच्या गळ्यात पडला, तो का?’ मी म्हणालो, ‘माझ्यासाठी.’ याहून वेगळं उत्तर मला आजही देता येत नाही. ती मिठी मला आवडली नव्हती, आणि तिच्याच पुण्याईनं मी चौक्यांवरून सुटलो. ‘हिंदी?’ असं विचारून शिपाई हात हलवायचे, ‘जा.’

६ सप्टेंबरला आम्ही तेवीस जण एका बसमधून निघालो. निघताना मास्तरांनी जिन्यात गाठलं. मी पितळी भांडी, मिक्सर, मुलीची सायकल बांधत होतो. ते म्हणाले, ‘कागद घे. फक्त कागद. बाकी सगळं पुन्हा मिळतं.’ १९४८ मध्ये घर सोडलेल्या कुटुंबातला माणूस सांगत होता. मी लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, नोकरीचा करार, इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, आणि पगाराच्या पावत्या एका पिशवीत घातल्या. सायकल त्यांच्या नातीला दिली.

बसरा, बगदाद, मग रुतबा, त्रेबिलची चौकी आणि पलीकडे जॉर्डनचं रुवैशेद. दीड हजार किलोमीटरच्या घरातला रस्ता. दोन चौक्यांच्या मधल्या ओसाड पट्टीत तंबू होते, दिवसा भट्टी आणि रात्री थंडी. पाण्याच्या टँकरमागे बांगलादेशी, फिलिपिनो, श्रीलंकेच्या बायका, आपले आंध्रचे गवंडी, सगळे धावत. पगाराचं पाकीट माझ्या पट्ट्यात होतं. अम्मानच्या सराफानं त्या नोटा उलटसुलट करून परत दिल्या. ‘हा देश नाही आता,’ म्हणाला. फार हुज्जत घातल्यावर जे मिळालं, त्यात चार दिवस जेवलो.

अम्मानहून मुंबईला एअर इंडियाची विमानं जात होती. माझी पाळी तेराव्या दिवशी आली. तिकिटाचे पैसे कुणी मागितले नाहीत. ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या आणि १,११,७११ माणसं, असा त्या कामाचा आकडा गिनीज बुकात आहे. २०१६ मध्ये ‘एअरलिफ्ट’ सिनेमा आला आणि तेव्हापासून लोक मला अक्षय कुमार कुठे भेटला विचारतात. कुणी एकच माणूस नव्हता. छावण्या चालवणारे कुवेतमधले भारतीय व्यापारी होते, बसऱ्याला आणि अम्मानला याद्या करत बसलेले दूतावासातले कारकून होते, घरी न जाता पुन्हा विमान फिरवणारे वैमानिक होते. त्यातल्या बहुतेकांची नावं मला ठाऊक नाहीत. सहार विमानतळावर पहाटे उतरलो, चहा मिळाला, परळहून लाल एसटी पकडली आणि देवरुखला उतरलो तेव्हा हातात कागदांची पिशवी होती. मुलीनं पहिला प्रश्न सायकलचा विचारला.

आपल्या देशाचं दिवाळं मात्र थोडं पुढे निघायचं होतं. तेलाचे भाव दुपटीनं चढले. आखातातून येणारा पैसा आटला. आधीच पोखरलेली परकीय गंगाजळी १९९१ च्या मध्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेनं ४६.९१ टन सोनं तारण म्हणून बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवलं. ते मुंबईच्याच विमानतळावरून गेलं. या दिवाळखोरीला आपली स्वतःची कारणं पुष्कळ होती, पण धक्का कुवेतचा. त्यातून जुलै १९९१ नंतर आपल्याकडे जे आर्थिक बदल झाले, त्यांच्यावर आजची पिढी जगते आहे.

पुढची लढाई टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. इराकला कुवेत सोडायला १५ जानेवारी १९९१ ही मुदत होती. १७ तारखेला अमेरिका आणि मित्रदेशांची विमानं सुटली, २४ फेब्रुवारीला जमिनीवरची चढाई झाली आणि शंभर तासांत संपली. निघताना इराकींनी सहाशेच्या वर तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग विझायला ६ नोव्हेंबर उजाडला. ज्या सहा पदरी रस्त्यानं ते आले, त्याच रस्त्यानं लुटीच्या मालासह पळताना मुतलाच्या टेकडीजवळ त्यांचा तांडा विमानांच्या तोंडी सापडला. कुवेतनं २४ मार्चला नव्या नोटा काढल्या आणि जुन्या बाद केल्या. माझ्या पाकिटातली पाव दिनाराची एक नोट उरली आहे, ती अजून पासपोर्टात आहे.

१९९२ मध्ये मी परत गेलो. हवल्लीच्या त्या इमारतीत मास्तर नव्हते. पॅलेस्टिनींचे नेते अराफत सद्दामच्या बाजूनं बोलले, म्हणून मुक्त झालेल्या कुवेतनं पॅलेस्टिनींना राहू दिलं नाही. तिथल्या चारेक लाखांपैकी बहुतेकांना जावं लागलं. शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसानं कुणाचा देश गिळला होता? याचा जाब कुणी विचारला नाही. जो देश स्वतः नाहीसा होऊन परत आला, त्यानं हे करावं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

शेवटी हिशेब. संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईसाठी एक आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून आधी ३० टक्के, मग २५, सद्दाम गेल्यावर ५ आणि शेवटी ३ टक्के कापून तो दावे भागवत होता. मीही दावा केला. कागद सगळे जवळ होते, म्हणून तो टिकला. देश सोडावा लागल्याबद्दल मला ४,००० डॉलर मिळाले. ज्यांनी भांडी वाचवली आणि कागद टाकले, त्यांना पुष्कळ हेलपाटे पडले. मिळालेल्या पैशांतून घरावर कौलांच्या जागी स्लॅब टाकला. कधी कधी मनात येतं, हे पैसे कुणी दिले? तो चौकातला सिगारेट मागणारा पोरगा जिवंत राहिला असेल तर त्यानं, नाही तर त्याच्या मुलानं. हुकूम सोडणाऱ्याच्या खिशातून त्यातला एक फिल्ससुद्धा आला नाही.

बारा-चौदा तासांत राजधानी घेतली, सात महिनेही ठेवता आली नाही. त्याची भरपाई ५२.४ अब्ज डॉलर झाली. तिचा शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये चुकता झाला. पुढच्याच महिन्यात, २४ फेब्रुवारीला, रशियाचे रणगाडे युक्रेनच्या सीमेत शिरले.